‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’ डिस्कवर बघायची आहे? मग आधी हे वाचा

अणुयुद्धात जगाची राखरांगोळी झाली आहे. पाणी आणि बियाणं सोन्यापेक्षा महाग झालंय, मोटरसायकलवरचे दांडगे गुंड गावं लुटतायत. अशा जगात छातीवर सप्तर्षींच्या आकाराचे सात व्रण असलेला केनशिरो पायी हिंडतो आणि शरीरातल्या ७०८ मर्मस्थानांपैकी नेमक्या जागी बोट टोचून समोरच्याला आतून फोडतो. ही ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’ची गोष्ट. जपानीत तिचं नाव ‘होकुतो नो केन’. बुरोन्सन यांची कथा आणि तेत्सुओ हारा यांची चित्रं १९८३ ते १९८८ ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली. त्या चित्रकथेवरची तोएई स्टुडिओची ॲनिमेशन मालिका ११ ऑक्टोबर १९८४ पासून १८ फेब्रुवारी १९८८ पर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी फुजी टीव्हीवर लागायची. पहिल्या मालिकेचे १०९ भाग, दुसरीचे ४३, एकूण १५२. साधारण साठ तासांचा ऐवज आहे.

नव्यानं डिस्क आणून बघणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: चित्र भुरकट आहे, चेहरे रुंद दिसतात, रक्तपात कापलाय, सुरुवात रटाळ आहे. यातल्या निम्म्या टीव्हीच्या सेटिंगमुळे असतात. उरलेल्यांचं कारण असं की मालिका आठवड्याला एक भाग या बेतानं बनली आणि आपण ती एका बैठकीत दहा भाग अशी हाणतो.

पहिली पायरी: कुठली आवृत्ती घ्यायची

इंग्रजी डब हवा असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मँगा एंटरटेन्मेंट या कंपनीनं केलेला डब फक्त पहिल्या ३६ भागांचा आहे. ३७ व्या भागापासून जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स यांना पर्याय नाही. ऐन रंगात आलेल्या कथेत सगळ्यांचे आवाज बदलले की रसभंग होतो, म्हणून पहिल्या भागापासूनच जपानी ट्रॅक लावा. केनशिरोला आवाज देणारे अकिरा कामिया एरवी खर्जात, जवळजवळ पुटपुटत बोलतात आणि ठोशांच्या माऱ्यात एकदम चिरक्या पट्टीत ‘आताताताता’ सुरू करतात. पात्राचा अर्धा जीव त्या उडीत आहे.

उत्तर अमेरिकेत डिस्कोटेक मीडियानं दोन्ही मालिका डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा दोन्ही स्वरूपांत काढल्या आहेत. इंग्रजी सबटायटल्ससह सगळेच्या सगळे भाग हवे असतील तर शोध तिथून सुरू करा. मँगा एंटरटेन्मेंटच्या जुन्या डिस्कवर ते ३६ भागच मिळतील. जपानी बॉक्ससेट देखणे असतात, पण त्यांवर इंग्रजी सबटायटल्सची अपेक्षा धरू नका.

ब्लू-रे दिसला की चित्र हाय डेफिनिशनच असणार, असं समजू नका. जुन्या ॲनिमेच्या बाबतीत कमी रिझोल्यूशनचं चित्रच मोठ्या ब्लू-रे डिस्कवर भरून विकण्याची पद्धत आहे. डिस्कची संख्या कमी होते आणि माहिती कमी दाबावी (कॉम्प्रेस करावी) लागल्यामुळे चित्र डीव्हीडीपेक्षा स्वच्छ राहतं, म्हणून ती फसवणूक म्हणता येणार नाही. फक्त आपण काय घेतोय ते कळायला हवं. वेष्टणाच्या मागच्या बाजूला ‘एसडी’ किंवा ‘४८०’ लिहिलंय की ‘एचडी’ किंवा ‘१०८०’, ते वाचूनच पैसे द्या.

दुसरी पायरी: रीजनची भानगड

डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे रीजनवरून ठरतं. भारताचा डीव्हीडी रीजन ५ आणि ब्लू-रे रीजन सी. अमेरिका-कॅनडाचे अनुक्रमे १ आणि ए. जपानचे २ आणि ए. ब्रिटन आणि आखाती देशांचे २ आणि बी. म्हणजे न्यू जर्सीतल्या भावानं सुट्टीला येताना आणलेली डिस्क पुण्यातल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, आणि दुबईत घेतलेला प्लेअर अमेरिकन ब्लू-रे बहुधा नाकारेल. ज्या देशाची डिस्क घेणार, त्याच देशाचा प्लेअर किंवा मल्टी-रीजन प्लेअर लागतो. डीव्हीडीचा रीजन बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवरून खुला करता येतो. ब्लू-रेचा सहसा येत नाही, म्हणून विकत घेताना ‘मल्टी-रीजन’ हे ब्लू-रेसाठीही लागू आहे का, हे स्पष्ट विचारा.

अमेरिकेतून प्लेअर मागवलात तर मागची पट्टी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदलणारा ॲडॉप्टर पुरतो. नुसतं ‘१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच दिवशी राम म्हणेल.

संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. उगाच चाळा म्हणून बदलत बसू नका.

तिसरी पायरी: नकली माल ओळखणं

या मालिकेचे चोरीचे संच बाजारात खूप फिरले आहेत. ओळखायला साधा गुणाकार पुरतो. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. एका डिस्कवर ७ भाग घातले तर प्रत्येकी सव्वा जीबीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ मेगाबिट मिळतात. चित्र व्यवस्थित दिसतं. १६ भाग कोंबले तर हाच आकडा तीनच्या खाली जातो आणि वाळवंटातली धूळ, स्फोट, चपळ हात या सगळ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. थोडक्यात, १५२ भाग वीस-बावीस डीव्हीडींवर असतील तर ठीक. आठ-दहा डीव्हीडींत ‘संपूर्ण मालिका’ मिळत असेल तर हात आखडता घ्या. ब्लू-रेचं गणित निराळं: ५० जीबीच्या डिस्कवर एसडी चित्राचे तीस भाग सहज बसतात, तेव्हा संपूर्ण मालिका पाच-सहा डिस्कवर आली तरी घाबरायचं कारण नाही.

सबटायटल्सवरूनही कळतं. केनशिरोसोबतची लहान मुलगी एका भागात लिन आणि पुढच्यात भलत्याच नावाची झाली, वाक्यं अर्धवट तुटली, तर माल चोरीचा. मात्र अधिकृत आवृत्त्यांतही आपापसांत फरक असतात: युरिया कुठे ज्युलिया होते, लिन कुठे रिन, साउझर कुठे थाउझर. एकाच संचाच्या आत नाव बदलत असेल तरच संशय घ्या.

जुना संच घेत असाल तर प्रत्येक डिस्क उजेडाकडे तिरपी धरून बघा. मधल्या भोकाभोवती केसाएवढी जरी चीर असली तरी ती डिस्क घेऊ नका. ड्राइव्हमध्ये वेगानं फिरताना चीर पुढे सरकते.

चौथी पायरी: टीव्ही आणि प्लेअर

इथे अर्धा तास घालवा.

मालिका ४:३ आकारात बनली आहे. आजच्या टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. त्या घालवायला ‘वाइड’ किंवा ‘झूम’ दाबलंत तर एक तर केनशिरो बुटका-रुंद होतो किंवा वर-खाली चित्र कापलं जातं, आणि सबटायटलची खालची ओळही जाते. प्लेअरच्या मेनूत ‘१६:९ नॉर्मल’ आणि ‘१६:९ फुल’ असे दोन पर्याय असतील तर नॉर्मल निवडा. तसे नसतील तर टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ करा. खात्री करायला सूर्य किंवा चंद्र असलेलं दृश्य शोधा आणि तो गोल दिसतो का ते बघा. राओह या खलनायकाचा काळा घोडा खेचरासारखा बसका दिसत असेल तर अजून काहीतरी चुकतंय. चित्राच्या कडा कापणारा ओव्हरस्कॅन बंद करा. एलजीवर त्याला ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’.

त्यानंतर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. सोनीवर ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, पण टीव्हीसाठीच्या ॲनिमेशनमध्ये एकच चित्र बहुतेक वेळा तीन चौकटी टिकतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या अकलेनं भरायला गेला की मुठीभोवती रबरासारखी वलयं उमटतात. शंभर ठोशांचा मारा तर पार चिखल होतो.

शार्पनेस शून्यावर किंवा शून्याच्या जवळ ठेवा. या चित्रातल्या काळ्या बाह्यरेषा मुळातच जाड आहेत. शार्पनेस वाढवला की त्यांच्या कडेला पांढरी किनार उमटते. नॉइज रिडक्शनही बंद. पडद्यावर जो बारीक रवा थरथरतो तो फिल्मचा आहे, डिस्क खराब नाही. तो पुसायला गेलात तर हारांच्या चित्रशैलीतल्या स्नायूंवरच्या आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेघोट्याही पुसल्या जातात.

हलणाऱ्या कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर डिइंटरलेसिंग नीट होत नाहीये. जपान-अमेरिकेच्या डीव्हीडीवर २४ चौकटी सेकंदाला ६० अर्ध्या चौकटींत वाटलेल्या असतात आणि त्या परत जुळवणं हे प्लेअरचं काम. प्लेअरमध्ये ‘फिल्म’ किंवा ‘ऑटो’ मोड ठेवा. संगणकावर व्हीएलसी वापरत असाल तर ‘डी’ दाबून डिइंटरलेस चालू करा आणि मोडच्या यादीत ‘फिल्म एनटीएससी’ असेल तर तो निवडा. तिथेच ‘ए’नं चित्राचा आकार, ‘बी’नं आवाजाचा ट्रॅक आणि ‘व्ही’नं सबटायटल्स बदलतात.

मूळ आवाज मोनो आहे. साउंडबारचा ‘सराउंड’ किंवा ‘मूव्ही’ मोड त्याला विहिरीतून आल्यासारखा करतो. साधा स्टिरिओ ठेवा आणि आवाज निवेदनावर बेतू नका, आरोळ्यांवर बेता. रात्री शेजारी जागे होतील ते ‘आताताता’नं.

आणखी एक, आणि हे हलक्यात घेऊ नका: प्रहाराच्या क्षणी पांढरे-काळे झगझगाट वारंवार येतात. ज्यांना अपस्माराचा किंवा प्रकाशानं झटके येण्याचा त्रास आहे त्यांनी ही मालिका टाळावी. बाकीच्यांनीही खोलीत दिवा चालू ठेवावा. लहान मुलांना सोबत बसवायची ही मालिका नव्हे.

‘रक्तपात कापलाय’ ही तक्रार

कापलेला नाही. संध्याकाळच्या वेळेत, घरी सगळे जागे असताना ही मालिका दाखवली जायची. म्हणून शरीर फुटण्याच्या क्षणी माणूस काळ्या छायाकृतीत बदलतो, रंग उलटे होतात, रक्ताच्या जागी लखलखता पांढरा प्रकाश फुटतो. मूळ प्रक्षेपणच असं आहे. यापेक्षा ‘पूर्ण’ प्रत शोधत वणवण करू नका. उलट हा आडपडदाच मालिकेची ओळख होऊन बसला. उघड हिंसा मूळ चित्रकथेत आहे.

पाचवी पायरी: कुठून कुठपर्यंत, किती

रोज दोन भाग. अडीच महिने लागतात. त्याहून जास्त लावले की सूत्र टोचायला लागतं: गाव, गुंड, अत्याचार, केनशिरो, स्फोट. भागांच्या सुरुवातीची उजळणी आणि शेवटची पुढच्या भागाची झलक आठवड्याच्या अंतरासाठी होती. सलग बघताना तेच तेच कानावर येतं. तरी झलक दरवेळी गाळू नका. निवेदक शिगेरू चिबा जसजशी मालिका पुढे सरकते तसतसे त्यात इतके पेटतात की काही वेळा भागापेक्षा झलक भारी पडते. मात्र पहिल्यांदाच बघत असाल आणि पुढचं कळून घ्यायचं नसेल तर झलक बंद ठेवा, आणि वेष्टनातली भागांची यादीही वाचू नका. शेवटाकडच्या काही भागांची नावंच निकाल सांगून मोकळी होतात.

भाग १ ते २२ म्हणजे शिन या केनशिरोच्या पहिल्या मोठ्या शत्रूचा अध्याय. इथेच निम्मे लोक गळतात. मालिका सुरू झाली तेव्हा चित्रकथा जेमतेम वर्षभर पुढे होती, त्यामुळे तोएईला वेळ काढणं भाग होतं. चित्रकथेत शिनचा निकाल लवकर लागतो आणि गोलानची फौज, जॅकलची टोळी नंतर येतात. मालिकेनं त्या सगळ्यांना शिनच्या हाताखाली जुंपलं, शिवाय पदरचे खलनायक घातले आणि शिनला बाविसाव्या भागापर्यंत ताणलं. पहिले तीन भाग बघा. पुढे भागाच्या वर्णनात शिन, गोलान किंवा जॅकल यांपैकी नाव असेल तर बघा, नसेल तर पुढे जा. शेवटचे तीन सलग बघा. काही बिघडत नाही.

पत्त्यांच्या नावांचे शिनचे सरदार मात्र चुकवू नका, विशेषतः हार्ट. हा अगडबंब माणूस गोड बोलतो, आणि स्वतःचं रक्त दिसलं की पिसाळतो. त्याच्यावर मारलेला ठोसा चरबीत जिरतो, मर्मापर्यंत पोचतच नाही. केनशिरो एकाच जागी लाथांचा सपाटा लावून ती चरबी बाजूला सारतो आणि उघड्या पडलेल्या जागी हात घालतो. या मालिकेत मारामारी म्हणजे आधी कोडं असतं, हे इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसतं. चित्रकथेत हार्टच्या तोंडची शेवटची किंकाळी ‘हिदेबू’ जपानमध्ये पुढे अजरामर झाली. अशा किंकाळ्यांना अर्थ नसतो. सबटायटलमध्ये काही आलं नाही तर भाषांतर राहून गेलंय असं समजू नका.

२३ ते ५७ मध्ये रेई, जागी, तोकी आणि राओह येतात आणि मालिका खरी उभी राहते. इथून एकही कथाभाग गाळू नका. केनशिरोची होकुतो ही विद्या शरीर आतून फोडते, रेईची नान्तो बाहेरून चिरते. हा फरक इथे मारामारीपुरता राहत नाही, माणसांच्या स्वभावात उतरतो. रेईच्या वाट्याला आलेले तीन दिवस हा आमच्या मते साऱ्या मालिकेचा कळस आहे. काही जण तो मान ५८ ते ८२ मधल्या शू आणि साउझरला देतात, आणि त्यांच्याशी भांडता येत नाही. साउझरवर होकुतोची मर्मविद्या लागूच पडत नाही. का, ते कळल्यावर आधीची लढत पुन्हा लावा आणि कुठला वार शरीराच्या कुठल्या बाजूला बसतोय तेवढंच बघा.

सप्तर्षींशेजारचा मिणमिणता तारा इथे वारंवार येतो. तो ज्याला दिसेल त्याचं मरण वर्षभरात ठरलेलं. हा तारा म्हणजे आपली अरुंधती. आपल्याकडे लग्नात ती मुद्दाम दाखवतात, आणि मरण जवळ आलं म्हणायचं ते ती दिसेनाशी झाली तर. मराठी प्रेक्षकाला त्या प्रसंगांत क्षणभर उलटं चालल्यासारखं वाटतं.

८३ ते १०९ हा राओहचा शेवटचा टप्पा. लांबण आहे, पण शेवट त्या लांबणीला पुरून उरतो. अध्यायांच्या सांध्यावर जुनीच दृश्यं जोडून केलेले उजळणीचे भाग लागतील, ते खुशाल सोडा.

दुसऱ्या मालिकेत ११० ते १२२ हा सम्राटाचा अध्याय आणि १२३ पासून शेवटपर्यंत ‘शुरा’ नावाच्या योद्ध्यांच्या देशाचा. पहिलीची उंची इथे नाही. केनशिरोसोबतची मुलं लिन आणि बॅट मोठी झाल्यावर काय करतात हे बघायचं असेल तर पहिला अध्याय बघा, ‘टफ बॉय’ हे शीर्षकगीत आवाज चढवून ऐका, आणि मग पुढे जायचं की नाही ते ठरवा. चित्रकथा याच्याही पुढे जाते. तो शेवटचा तुकडा या मालिकेत आलेलाच नाही.

चित्रपट आणि नंतरचे प्रकार

१९८६ चा चित्रपट मालिकेचेच दिग्दर्शक तोयोओ आशिदा यांनी दिग्दर्शित केला, लांबी ११० मिनिटं. मालिकेआधी तो बघू नका. कितीतरी भागांचा ऐवज दोन तासांत दाबल्यामुळे माणसं ओळख व्हायच्या आत मरतात. इथे छायाकृतींचा आडोसा नाही, तरी जपानी प्रतीत काही फुटण्याची दृश्यं मुद्दाम धूसर केली आहेत. ते तुमच्या डिस्कचं दुखणं नव्हे. ब्रिटिश डीव्हीडीवर हा चित्रपट १०६ मिनिटांचा दिसला तर काही कापलंय असं समजू नका. पाल या टीव्ही पद्धतीत २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून वेळ चार टक्के कमी होतो आणि आवाज किंचित बारीक.

२००३-०४ चे तीन भाग आणि २००६ ते २००८ मधले पाच नवे चित्रपट व ओव्हीए (थेट व्हिडिओवर आलेले भाग) हे सगळं मूळ मालिका संपल्यावर. आवाज वेगळे आहेत आणि आधीची कथा माहीत आहे असं गृहीत धरलेलं आहे.

डिस्क सांभाळणं

डिस्क पुसताना मायक्रोफायबरचं कापड मधून कडेकडे सरळ रेषेत न्या, गोल फिरवू नका. बोटांचे तेलकट ठसे असतील तर डिस्टिल्ड वॉटर पुरतं. डीव्हीडीचा माहितीचा थर ०.६ मिलिमीटर आत असतो, म्हणून वरवरचे ओरखडे घासून काढता येतात. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आहे, तिथे टूथपेस्टचा घरगुती इलाज केलात तर डिस्क गेलीच म्हणून समजा. मोठ्या संचातल्या खुंट्या घट्ट असतात. आधी मधली खुंटी दाबा, मग डिस्क उचला. कडेनं ओढली की भोकाशी चीर पडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात संच भिंतीला लागून ठेवू नका. डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि गणपतीच्या आधी त्या बदला.